मी लाईन धरते

पलीकडच्या यंत्राची ओळख पटल्याशिवाय मल्लिनाथ हत्तुरे कुठेही लॉगिन करत नसत. बँकेत होते तेव्हापासूनची ही सवय. म्हणून रुबीना मुजावर त्यांच्या बायकोच्या सेतूचा पत्ता आणि पासवर्ड घेऊन सोलापूरच्या घरी आली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉप पुढे ओढला आणि विचारलं, "ओळखीचे आकडे आणलेस?"

"कसले आकडे, काका?"

"पहिल्यांदा जोडलं की पलीकडचं यंत्र आपल्या ओळखीचे आकडे दाखवतं. ते तुझ्याकडच्या आकड्यांशी ताडून बघायला नकोत? मधल्यामध्ये भलतंच कुणी बोलत बसलं म्हणजे?"

रुबीना हसली. सेतू बसवणाऱ्या संस्थेत ती इंजिनिअर होती. किती घरं तिनं पाहिली होती. "आजवर कुणीच विचारलं नाही हो. सगळे आमचं ॲप वापरतात. त्यात पेशंटचा जुना आवाज असतो, फोटो असतो. तुमच्यासारखी काळी खिडकी उघडून कोण बसतं आता?"

"आम्ही दोघं त्याच खिडकीत भेटलो," मल्लिनाथ म्हणाले आणि आकडे वाचू लागले. रुबीनानं फोनमध्ये शोधून आपल्याकडचे आकडे वाचले. दोन्ही जुळले तेव्हा कुठे त्यांनी 'होय'वर बोट ठेवलं.

पलंगावर महानंदा छताकडे तोंड करून पडली होती. काळ्या पडद्यावर काहीतरी उमटलं. नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं.

"सेतू बिघडला की काय!" रुबीना घाबरली.

"सेतूला काही झालं नाही. ती मराठीत लिहितेय आणि माझी खिडकी ते इंग्रजी समजून वाचतेय. अक्षरांचा संच बदलायचा राहिला." सेटिंगच्या पानावर जाऊन त्यांनी संच बदलला आणि मान वळवून म्हणाले, "नंदा, परत लिही."

एकेक अक्षर, सावकाश, हिरव्या रंगात आलं.

किती वेळ लावता हो

मल्लिनाथ हसायला गेले आणि त्यांना हसता येईना. बायकोचं बोलणं कितीतरी महिन्यांनी त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

महानंदाला झालेला आजार असा होता की मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणारे तंतू एकेक करून मरत जातात. आधी हातातला चमचा पडू लागला, मग पाय राहिले, मग जीभ. काही दिवस ती डोळ्यांनी अक्षरं दाखवायची, नंतर पापण्याही थांबल्या. या आजारात हलणं जातं, पण जाणवणं जात नाही. पावलाला माशी बसलेली कळते, कुकरची शिट्टी ऐकू येते, उशाशी कोण रडतंय तेही समजतं. फक्त त्यातलं काहीच सांगता येत नाही.

सेतू काय करत होता, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपण एखादं बटण दाबतो तेव्हा बोट हलण्याआधी मेंदूत त्या हालचालीचा हुकूम निघतो. हाताचं काम पाहणारी मेंदूची जी पट्टी आहे, तिथल्या असंख्य पेशी एका ठरावीक नक्षीत लुकलुकतात. 'क' दाबायचा तर एक नक्षी, 'म' दाबायचा तर दुसरी. टपाल नेणारा रस्ता खचला तरी लिहिणारा लिहीतच असतो. तसं तंतू मेले तरी हुकूम निघायचे थांबत नाहीत. सेतू म्हणजे मेंदूच्या त्या पट्टीवर बसवलेली नखाएवढी जाळी. ती या नक्ष्या वाचते आणि केसांत बसवलेल्या चकतीकडे पाठवते. चकतीकडून त्या उशाजवळच्या एका डबीत जातात. डबी म्हणजे छोटासा संगणकच. तिथे नक्षीचं अक्षर होतं, आणि आपण कुठूनही त्या डबीत लॉगिन करून ते वाचू शकतो. आपण लिहिलेलं डबी पेशंटला वाचून दाखवते.

बहुतेक पेशंट मनात बोलत. महानंदा मनात टाइप करायची. उभा जन्म तिनं बँकेत तेच केलं होतं.

जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत मल्लिनाथ सोलापूरच्या मुख्य कचेरीत होते आणि महानंदा बार्शीच्या शाखेत. बार्शीचा संगणक अडला की मल्लिनाथ सोलापुरातून त्यात लॉगिन करायचे. दोघांना एकच पडदा दिसायचा. यानं लिहिलेलं तिला, तिनं लिहिलेलं याला. पण लाईन मोठी नाजूक होती. थोडा वेळ कुणी काही दाबलं नाही की तुटायची, आणि मग सगळं काम पहिल्यापासून. त्यामुळे काम चालू असताना मल्लिनाथ जेवणाचा डबा तसाच ठेवून बसायचे. एकदा पडद्यावर आलं:

जेवून या. मी लाईन धरते.

ते जेवून आले तर पडदा रिकाम्या ओळींनी भरलेला. ती बाई पलीकडे बसून थोड्या थोड्या वेळानं एंटर दाबत होती. त्या दिवसापासून तसंच ठरून गेलं. कामापुरतं बोलणं, आणि जेवणाच्या वेळी रिकाम्या ओळी. त्या ओळींत काही लिहिलेलं नसायचं, पण त्या वर सरकत असल्या की पलीकडे ती आहे हे कळायचं. लग्नाचं विचारलं तेही त्याच पडद्यावर, आणि उत्तर देण्याआधी तिनं त्यांना बराच वेळ रिकाम्या ओळी मोजायला लावल्या.

लग्नानंतर काही दिवसांनी मल्लिनाथना त्या काळ्या खिडकीच्या सेटिंगमध्ये एक सोय सापडली. ती चालू केली की संगणक आपणहूनच अधूनमधून एक रिकामी टिचकी पलीकडे पाठवतो. तिच्यात मजकूर काही नसतो. लाईन तेवढी जागी राहते. त्यांनी मोठ्या आनंदानं तिला सांगितलं. महानंदा म्हणाली, "म्हणजे माझी नोकरी गेली म्हणा की."

आता इतक्या वर्षांनी सेतूची जोडणीही तशीच मधूनमधून तुटायची. मल्लिनाथनी तेच सेटिंग शोधून चालू केलं आणि तिला कळवलं. पडद्यावर उमटलं:

परत गेली नोकरी

पहिले काही महिने असे हसण्याखेळण्यात गेले. ती फोडणी करपल्याचं सांगायची. तिला भरवणं नळीतून होत असलं तरी वास कळायचा. कुणी तिचं वाक्य मध्येच पुरं केलं तर ती पूर्वीइतकीच तडकायची. मल्लिनाथ अंदाजानं पुढचा शब्द बोलले की लगेच यायचं: माझं वाक्य मला संपवू द्या.

एकच गोष्ट खटकायची. तिच्या वाक्यांच्या मध्ये रिकाम्या ओळी येत. मजकूर वर सरकून पडद्याबाहेर जाई. त्यांची मुलगी गार्गी ऑकलंडला होती, ती ॲप वापरायची. प्रत्येक रिकाम्या ओळीला तिच्या फोनची घंटी वाजे. 'आई काहीतरी म्हणतेय' म्हणून ती हातातलं काम टाकून बघायची, तर काहीच नाही.

"उजव्या करंगळीचा खरखराट आहे तो," रुबीनानं सांगितलं होतं. "करंगळीची नक्षी सगळ्यात ठळक. जन्मभर त्याच बोटानं एंटर दाबलाय ना त्यांनी. मनात नसतानाही ती लुकलुकत असणार. डबीच्या सेटिंगमध्ये 'रिकाम्या ओळी गाळा' असं आहे, तिथं खूण करा."

मल्लिनाथनी खूण केली. पडदा नीटनेटका झाला.

पावसाळ्यानंतर महानंदाची अक्षरं मंदावली. एक शब्द यायला सकाळ लागायची. आजार आता तंतूंवरून खुद्द मेंदूच्या पेशींकडे सरकला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. मल्लिनाथ धास्तावले. पण हिवाळा लागला आणि एकाएकी ती पुन्हा लिहायला लागली. सुरेख, पूर्ण वाक्यं. गार्गीला नुकतीच मुलगी झाली होती. बाळाला काय द्यावं, काय देऊ नये, सगळं आई सांगायची.

"अप्पा, आई पूर्वीसारखी बोलायला लागलीय ना!" गार्गी म्हणायची.

मल्लिनाथ हळूहळू पलंगाजवळ कमी आणि लॅपटॉपजवळ जास्त बसू लागले. सेवेला येणाऱ्या कस्तुराबाईंना खोलीत अडचण नको म्हणून ते बाहेर जेवणाच्या टेबलापाशी ठाण मांडत आणि तिथूनच बायकोशी लिहून बोलत. महानंदा आता त्यांचं कौतुकही करायची. 'तुम्ही माझ्यासाठी फार करता,' असं एकदा तिनं लिहिलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत असलं वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं. मल्लिनाथना ते जरा नवल वाटलं, पण आवडलंही. त्यांनी उत्तरात लिहिलं, 'थँक्यू, नंदा.'

मग तो दुपारचा प्रसंग घडला.

मल्लिनाथ शेंगाचटणी कुटत होते. त्यांनी हात पुसून विचारलं, 'नंदा, लसूण किती घालू?'

लगेच उत्तर आलं. 'भरपूर घाला. तुमच्या हातची चटणी मला फार आवडते.'

त्यांनी भरपूर घातला. वाटीभर चटणी घेऊन, तिला वास द्यावा म्हणून ते खोलीत गेले. कस्तुराबाई तिचं डोकं धूत होत्या. केसांना साबणाचा फेस होता. केसांतली चकती काढून टॉवेलावर ठेवली होती.

"कधी काढली?" मल्लिनाथनी विचारलं.

"मघाशीच की. पाणी तापवायला ठेवायच्या आधी. का ओ?"

मल्लिनाथ बाहेर आले. पडद्यावर आणखी एक वाक्य येऊन थांबलं होतं.

'तुम्ही पण वेळेवर जेवत जा हं.'

रुबीना संध्याकाळीच आली. मल्लिनाथनी तिला पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही.

"पेशंटची कूस बदलताना चकती सारखी सुटते, काका. तेवढ्यात बोलणं तुटू नये म्हणून डबी मधली जागा भरून काढते. त्याला आम्ही पूर्तता म्हणतो."

"कशानं भरते?"

"काकूंचे जुने मेसेज, मेल, सगळं तिला शिकवलेलं असतं. 'आज' असं आलं की काकू पुढं काय म्हणाल्या असत्या, याचा ती अंदाज बांधते. सिग्नल चांगला असेल तर पूर्ततेचा वाटा कमी. सिग्नल क्षीण झाला की तो आपोआप वाढतो."

"आता किती आहे?"

रुबीनानं डबीतून आकडे काढले. ते पुन्हा एकदा काढून पाहिले.

"सांग."

"काकूंचा वाटा जवळजवळ काहीच नाही. हिवाळ्यापासून." ती खाली मान घालून म्हणाली, "मी सुरुवातीला विचारलं होतं, वाटा आपोआप ठेवू का. तुम्ही दवाखान्यात होता. गार्गीताईंनी होय सांगितलं."

मल्लिनाथ उठून खिडकीपाशी गेले. आपण त्या दिवशी यंत्राच्या ओळखीचे आकडे किती काळजीनं ताडून पाहिले होते, ते त्यांना आठवलं. आकडे खरेच होते. यंत्र तेच होतं.

गार्गीला त्यांनी व्हिडिओवर गाठलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं, म्हणून दोघंही हळू आवाजात भांडले.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता, अप्पा."

"आणि गप्प बसलीस?"

"बाळाचं पोट दुखत होतं, ती रडायची थांबतच नव्हती. मी आईला विचारलं. तिनं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला सांगितलं. अगदी तिच्यासारखं, 'आधी आपल्या गालाला लावून बघ' म्हणून. तिच्याच आवाजात. मला तेवढं पुरलं. तुम्हाला का पुरत नाही?"

"कारण ती आतल्या खोलीत आहे. ती आहे, गार्गी, आणि आपण दोघं दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतोय."

"आणि ते बंद केल्यावर काहीच आलं नाही तर? तुमच्याजवळ निदान ती खोली आहे. मला इथं काय उरतं?"

 मल्लिनाथनी विचारलं, "कुणी तिचं वाक्य पुरं केलं की ती काय म्हणायची, आठवतं?"

गार्गीनं डोळे मिटले. "आठवतं. पण तुम्ही ते बंद केलंत तर मला फोन करू नका, अप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पूर्ततेचा वाटा शून्यावर आणला.

पडदा काळा राहिला. डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत होता. मल्लिनाथ लॅपटॉप घेऊन पलंगाजवळ बसले. पूर्वीचे सगळे प्रश्न त्यांनी पुन्हा विचारले, तोंडानं. महानंदाचा श्वास वरखाली होत होता. तिसऱ्या प्रहरी कस्तुराबाई चहा ठेवून गेल्या, तो निवला. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी रुबीनाचा फोन आला.

"काका, तुम्ही प्रयत्न केलात. काकूंच्या अक्षरांच्या नक्ष्या उरल्या नसतील. पूर्तता परत चालू करू? गार्गीताईंचाही फोन आला होता."

"थांब थोडं."

बँकेत लाईन मेली की मल्लिनाथची एक रीत होती. घाबरायचं नाही, सेटिंगचं पहिलं पान उघडायचं आणि एकेक ओळ तपासत शेवटापर्यंत जायचं. तसं ते करू लागले. पत्ता बरोबर. अक्षरांचा संच बरोबर. टिचकी चालू. मग डबीची पानं. पूर्तता शून्य. त्याखाली एक खूण होती.

रिकाम्या ओळी गाळा.

ती त्यांची स्वतःचीच खूण होती. काढावी की नाही, असा प्रश्नही पडला नाही. रीतच होती ती, नको असलेलं सगळं काढून बघायचं. खूण काढून ते महानंदाच्या ओठांना पाणी लावायला उठले. कापूस भिजवून ओठांवरून फिरवला आणि परत येऊन बसले.

कर्सर एक ओळ खाली आला होता.

आपला धक्का लागला असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. कर्सर आणखी एक ओळ खाली गेला. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग आणखी एक.

खरखराट, असं रुबीना म्हणाली होती. मल्लिनाथनी लॅपटॉप उशाशी ठेवला. महानंदाचा उजवा हात हातात घेतला. तिची करंगळी उचलून गादीवर हलकेच दाबली, एंटर दाबावा तशी.

कर्सर एक ओळ खाली गेला.

त्यांनी ती दोनदा दाबली. दोन ओळी.

"नंदा," ते म्हणाले, "एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तू आहेस?"

एक ओळ.

मल्लिनाथनी कपाळ तिच्या हातावर टेकलं. मग हिवाळ्यापासूनचं सगळं त्यांच्यापुढं उलगडत गेलं. एकेका बोटाची नक्षी विझत गेली होती. अक्षरं गेली, शब्द गेले, शेवटी एकटी करंगळी उरली. त्या करंगळीनं ती लाईन धरून बसली होती. आणि त्यांनी ते गाळायला सांगितलं होतं, पडदा नीटनेटका दिसावा म्हणून. पूर्तता बोलत होती ते तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं. डबी तिला फक्त त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवायची. म्हणजे तिला एकच बाजू ऐकू येत होती. 'लसूण किती घालू' हे तिनं ऐकलं असेल, आणि उत्तर द्यायच्या आत नवऱ्याची खलबत्त्याची ठोक ऐकली असेल. न म्हटलेल्या वाक्याबद्दल आलेलं 'थँक्यू, नंदा' ऐकलं असेल. तो कुणाशी बोलतोय, हे तिला कळलं असेल का?

त्यांनी रुबीनाला फोन केला. "गाळलेल्या ओळी डबीत कुठं साठवलेल्या असतात? किती होत्या ते बघता येईल?"

"नाही, काका. गाळलेलं कुठंच ठेवत नाही." मग तिच्या आवाजात फरक पडला. "का? काय झालं?"

त्यांनी सांगितलं. 

"काका, खरखराट मीच म्हटलं होतं ना."

"तू म्हटलंस. पण खूण मी केली. मला तरी बार्शी आठवायला हवी होती."

ती दुपार त्यांनी विचारण्यात घालवली. दुखतंय का? दोन ओळी. थंडी वाजते? एक. कस्तुराबाई नीट करतात? एक. गार्गीला बोलवू? यालाही एक, लगोलग. शेवटी त्यांनी विचारलं, "माझ्यावर रागावलीस?"

कर्सर जागच्या जागी लुकलुकत राहिला. मल्लिनाथ वाट बघत राहिले. बाहेर भंगारवाला ओरडून गेला, शेजारच्यांची गाडी आली. मग एक ओळ खाली गेली. मल्लिनाथनी मान खाली घातली. तेवढ्यात दुसरी गेली.

गार्गीनं फोन करू नका म्हटलं होतं, तरी त्यांनी केला.

"तुला बोलवू का म्हणून विचारलं तिला. एक ओळ आली," ते म्हणाले.

"काय लिहिलं होतं?"

"काही नाही. रिकामी. एक म्हणजे हो."

"एवढंच?"

"एवढंच. पण तिची आहे."

 गार्गी नाक ओढत म्हणाली, "तिकीट बघते."

ती बाळाला घेऊन आली तोवर ओळींमधलं अंतर वाढलं होतं. पण बाळाची मूठ महानंदाच्या करंगळीभोवती मिटवली, तेव्हा कर्सर एकामागून एक इतका खाली धावला की मल्लिनाथना बार्शीच्या लाईनवरच्या त्या दिवसाची आठवण झाली, ज्या दिवशी त्यांनी लग्नाचं विचारलं होतं. गार्गीनं फोनमधलं ते ॲप उघडलं, थोडा वेळ आईच्या फोटोकडे पाहिलं आणि ॲपच काढून टाकलं. रुबीनाही दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी तिनं महानंदाच्या पायांना हात लावला, पण काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

पुढं पुढं एका प्रश्नाला उत्तर यायला अर्धी सकाळ जाऊ लागली. डॉक्टर येऊन श्वास बघून गेले आणि गार्गीला बाजूला घेऊन काही सांगून गेले. मल्लिनाथनी ते विचारलं नाही. ते पलंगाजवळून हलेनासे झाले. ताट आत आणलं तर दोन घास खाऊन सरकवून द्यायचे. पाठ फिरली आणि नेमकी तेव्हाच ओळ आली तर?

एका दुपारी गार्गी म्हणाली, "अप्पा, टेबलावर वाढलंय. नीट बसून जेवा. मी आहे ना इथं."

"राहू दे."

"किती दिवस राहू दे? तिला विचारा हवं तर."

मल्लिनाथ वाकले. "नंदा, जेवून येऊ?"

दोघं कर्सरकडे बघत राहिले. बाळ झोपलं होतं. आमटी निवली असेल, असं मल्लिनाथच्या मनात येऊन गेलं. आणि मग कर्सर एक ओळ खाली गेला.

गार्गीनं आईची करंगळी आपल्या बोटांत घेतली. मल्लिनाथ उठले.

टेबलावर कडक भाकरी होती, आमटी होती, लसणाची शेंगाचटणी होती. पहिला घास पोटात गेला. मग लक्षात आलं की आपल्याला भूक आहे, किती दिवसांची. त्यांनी भाकरी मोडून आमटीत कुस्करली, वर चटणी घेतली आणि खाली मान घालून जेवू लागले. आतून हाक आली नाही. त्यांनी दुसरी भाकरी घेतली. ती मोडल्याचा कडकन आवाज झाला. ताट पुसून घेतलं, पाणी प्यायले, हात धुतले आणि आत आले.

गार्गी तशीच बसलेली होती, करंगळी हातात धरून. तिचा चेहरा ओला होता. महानंदाची छाती हलत नव्हती.

"कधी?" मल्लिनाथनी विचारलं.

"तुम्ही दुसरी भाकरी मोडलीत ना, तेव्हा. हाक मारणार होते मी." गार्गीनं ओला गाल खांद्याला पुसला. मग ती म्हणाली, "पण तिनं नसती मारली. तुमचं जेवण होऊ दिलं असतं."

मल्लिनाथ मान हलवत राहिले. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं. शेवटची ओळ कुठली, हे सांगता येण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं. कोपऱ्यात मात्र 'जोडलेले आहे' असं अजून दिसत होतं. लॅपटॉप आपल्या ठरल्या वेळी पलीकडे रिकाम्या टिचक्या पाठवत होता आणि डबी त्या इमानानं घेत होती.

त्यांनी सेटिंगचं पान उघडलं. टिचकीपुढची खूण काढली. लाईन तोडण्याचं बटण शेजारीच होतं, पण त्याला हात लावला नाही.

"आता काय होईल?" गार्गीनं विचारलं.

"आता कुणीच काही दाबलं नाही, की थोड्या वेळानं ती आपणहून सुटेल."

दोघं बघत बसली. बऱ्याच वेळानं पडद्यावर बारीक अक्षरांत आलं की पलीकडून काही येत नाही, म्हणून जोडणी बंद करत आहोत. कर्सर लुकलुकायचा थांबला.

गार्गीनं करंगळी अजून सोडली नव्हती.